चाकं भूमिकाच्या पिकअपची

पिकअपचं मागचं चाक जागच्या जागी फिरत होतं, चिखल उडत होता आणि भूमिका आत बसून सगळ्या जगावर चिडली होती. गागोदे बुद्रुकच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला तिने एक माळ हेरून ठेवला होता. गणपती गेले, काम सैलावलं, की पिकअपच्या मागे गादी टाकून तिथे आकाशाखाली झोपायचं, सकाळी तीन दगडांवर चहा उकळायचा... बस्स, एवढंच. वर्षभर पेणच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखणाऱ्या मुलीला एवढं तरी मिळायला हवं की नाही? पण माळ गाठायच्या आधीच परतीच्या पावसाची सर आली आणि गाडी रुतली.

"अजून दाबाल तर रात्रभर हितंच राहाल," बाहेरून आवाज आला.

मोटरसायकलला ट्रॅक्टरची ट्यूब अडकवून एक तरुण पावसात निथळत उभा होता. डोळे हसरे... जरा नको तितकेच हसरे.

"राहायलाच आलेय," भूमिका फणकारली.

"मग माझं काय काम नाय. जातो."

"अहो — थांबा की!"

जायचा त्याचा विचार नव्हताच. त्याने मागच्या दोन्ही टायरांतली हवा कमी केली. रबर पसरलं, त्याने मागून जोर लावला आणि गाडी बाहेर आली. सगळा चिखल मात्र त्याच्या अंगावर. भूमिकाला हसू आवरेना.

"हसा, हसा," डोळ्यांवरचा चिखल पुसत तो म्हणाला. "मी हरेश. मामाच्या ट्रॅक्टरचं पंक्चर काढायला आलेलो. रोह्याला टायरचं दुकान हाय माझं. हसून झालं की या. हे टायर डोंगराचे नायत."

ती आठवड्याभरात गेली. टायर बघायलाच जातेय, असं तिने घरी सांगितलं आणि स्वतःलाही.

टायर तसे जपूनच निवडायचे होते. तिचे वडील पुंडलिकशेठ ही जुनी पिकअप तिला द्यायला तयार होते, पण एका अटीवर. डोंगर फीर, समुद्र फीर, सीझनला मात्र मूर्ती याच गाडीतून जाणार, आणि मूर्तीला धक्का लागता कामा नये. लागला तर गाडी विकायची.

हरेशने खडूने जमिनीवरच आकडे लिहिले. "हे बघा, दोनशे पंधरा म्हणजे टायरची रुंदी. पंच्याहत्तर म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची. आणि पंधरा इंचांची रिम."

तेवढ्यात स्कूटरवाल्या एक बाई आल्या. "ताई, पाच मिनिटं हां," तो त्यांना म्हणाला. मग हवा भरायला दुसऱ्या आल्या, त्याही ताई.

"सगळ्यांना ताई म्हणता," भूमिका खाली आकड्यांकडे बघत म्हणाली. "मला नाय म्हणालात एकदापण."

हरेशच्या हातातला पाना खाली पडला. "तुम्हाला... नाय म्हणवत."

भूमिकाने घाईघाईने भिंतीकडे बोट केलं. तिथे काळ्याभोर, चकचकीत रिम टांगल्या होत्या. "आणि त्या?"

"त्या सतराच्या."

"अय्या, काय दिसतात! त्याच बसवा. चालतील ना?"

हरेशने तोंड उघडलं. समोर ती खुशीत हसत होती. त्याने तोंड मिटलं, मग पुन्हा उघडलं. "चाल... चालतील."

नवी चाकं बसल्यावर पुंडलिकशेठनी बघायला म्हणून शाडूची एक बिनरंगाची कच्ची मूर्ती मागे ठेवली आणि भूमिकाला वडखळच्या बाजूला एक फेरी मारून यायला सांगितलं. ती परत आली तेव्हा मूर्तीचा वर उचललेला हात मनगटातून तुटला होता.

"कच्ची होती म्हणून बरं," पुंडलिकशेठ म्हणाले. "रविवारी गाडीला गिऱ्हाईक बोलावतो." ते ओरडलेही नाहीत, त्यामुळे भूमिकाला जास्तच रडू आलं.

ती तशीच रोह्याला गेली. हरेशने खाली मान घालून सगळं ऐकलं.

"रिम मोठी झाली की भोवतीचं रबर कमी राहतं," तो हळूच म्हणाला. "गचका सरळ वर जातो. मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं?"

"तुम्ही इतक्या खुशीत होतात... नाय म्हणायला जीभच रेटली नाय."

"आज टायरचं खोटं बोललास. उद्या कशाकशाचं बोलशील?"

रागाच्या भरात ती 'तू'वर आली होती. हरेशच्या ते लक्षात आलं, पण खूश व्हायची ती वेळ नव्हती.

शनिवारी सकाळी तो स्वतःच पेणला हजर झाला. टेम्पोत पंधराच्या साध्या लोखंडी रिम आणि त्यांवर जाड, उंच टायर. चार चाकांचे चार आणि स्टेपनीचा पाचवा.

"याहून रुंद नायत?" भूमिका अजून घुश्शात होती. "दिसायला तरी —"

"नाय."

"थोडे?"

"नाय म्हणजे नाय. वळताना मडगार्डला घासतील. हे दिसायला साधे हायत, पण लोड घेतील, गचकाही गिळतील. राग आला तर येऊ दे."

राग कुठला यायला? ओठांवर आलेलं हसू लपवायला तिला पाठ फिरवावी लागली.

"या खेपेला मीच मागं बसतो," पुंडलिकशेठ म्हणाले आणि पेंढ्यात ठेवलेल्या दुसऱ्या कच्च्या मूर्तीशेजारी मांडी घालून बसले. भूमिकाने मुद्दाम गागोद्याचा खडबडीत रस्ता धरला. हरेश शेजारी, जीव मुठीत धरून. माळावर गाडी थांबवून दोघांनी एकदम मागच्या काचेतून पाहिलं.

मूर्तीचं बोटन् बोट शाबूत होतं. आणि पुंडलिकशेठ पेंढ्याला टेकून चक्क घोरत होते.

"उठवू?" हरेशने विचारलं.

"नको... झोपू दे."

बाहेर भाताचा ओला वास होता.

"मला तू आवडतेस," हरेश एकदम म्हणाला. "तुझी गाडी रुतली होती ना, तेव्हापासून. ते खोटंही त्यापायीच बोललो. आता परत नाय बोलणार."

भूमिकाने स्टिअरिंगवरून बोट फिरवलं. नखात अजून रंग होता. "सीझन लागला की मी चार महिने कारखान्यातून हलत नाय. रविवार नाय, फोन नाय. वाट बघावी लागंल. चालंल?"

प्रेमात पडलेला कुणीही इथे पटकन हो म्हणाला असता. हरेशने आधी बोटांवर चार महिने मोजले.

"नाय," तो म्हणाला. "नाय चालणार."

तिने झटकन तोंड खिडकीकडे वळवलं.

"चार महिने तुला न बघता मला नाय जमणार, खोटं कशाला सांगू? मी येईन. दुकान बंद केलं की रोज पेणला येईन. तू डोळे आख, मी बाजूला बसंन. बोलणारपण नाय."

"बोल की," डोळे भरून आले तरी भूमिका हसत होती. "तू बोललास तर चालंल मला." आणि तिने आपला रंगाचा हात त्याच्या हातावर ठेवला.

मागे खडबड झाली. पुंडलिकशेठनी उठून मूर्तीची बोटं एकेक करून चाचपली. "भूमे, त्या गिऱ्हाइकाला उद्या येऊ नको म्हणून कळवतो गो," ते ओरडले. मग त्यांनी काचेतून आत बघितलं, दोघांच्या हातांकडे बघितलं आणि सावकाश पुन्हा पेंढ्यावर आडवे झाले.

"हळू घे गाडी. मला अजून झोप हाय."

घर येईपर्यंत भूमिकाने दुसऱ्या गिअरच्या वर गाडी नेलीच नाही.