चौथा खण

"बारा वाजता हिला कामावरून काढतोय. तोवर काय विचारायचं ते विचारा," कंपनीचे प्रमुख गुरगुरले.

'ही' म्हणजे त्यांच्याच धाकट्या भावाची बायको. रुग्णालयाच्या संगणकाची स्मृती साफ करणारा 'झाडू' नावाचा प्रोग्राम तिनं लिहिला होता. त्यातून रुग्णांच्या ॲलर्जीच्या नोंदी नाहीशा झाल्या. एका म्हाताऱ्याला नको ते इंजेक्शन गेलं. देवाची कृपा, म्हणून वाचला.

रुग्णालयानं धाडलेल्या तपासनिसानं सोबत आणलेल्या मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांच्या हातात रुग्णालयाच्या यंत्राच्या स्मृतीचा छापील उतारा होता. त्याचं मोहोरबंद पाकीट सकाळी त्यांनीच फोडलं होतं.

"आकडेच आकडे! दर बत्तीस घरांनंतर नवा रुग्ण सुरू," मास्तर फक्त त्याला ऐकू जाईल असं पुटपुटले.

आधी रुग्णालयाचा यंत्रचालक. "यंत्र बंद करून चालू केलं की नोंदी परत दिसतात. दुपारी गर्दी झाली की पुन्हा गायब. या बाईंना हाकला!"

मग ती. "माझा झाडू जागा संपत आली की फिरतो. रुग्णाच्या जागेचा आराखडा असतो; त्यात मांडलेल्या खणांतून ज्या नोंदीकडे बोट जातं, ती ठेवतो. बाकी कचरा म्हणून पुसतो."

"एका रुग्णाची जागा किती?"

"तीन खण, प्रत्येकी आठ, म्हणजे चोवीस घरं." तिनं भिंतीवरचा आराखडा दाखवला. "ॲलर्जी वेगळ्या यादीत."

"रडून दाखव आता," प्रमुख म्हणाले.

"भावोजी, रडायला मी काही चोरलेलं नाही."

तपासनीस त्यांच्याकडे वळला. "तुम्ही हे काम कधी पाहिलंत?"

"सहा महिन्यांत हात लावलेला नाही."

"रुग्णाची जागा किती?"

"चार खण, बत्तीस घरं. शेंबडं पोरही सांगेल!"

खोटं बोलणाऱ्याची जीभ देव जरा जास्तच सैल ठेवतो.

"भिंतीवर तर तीनच आहेत," तपासनीस शांतपणे म्हणाला. "उतारा आम्हा दोघांशिवाय कुणी पाहिलेला नाही. मग चौथा खण तुम्हाला कसा ठाऊक? वेग वाढवायला तुम्हीच तो चालू यंत्रावर जोडलात, ॲलर्जी त्यात हलवली, जुनी यादी मोडलीत. आराखड्यात मात्र मांडला नाहीत. झाडूला तो खण दिसेना. गर्दीत जागा संपली, झाडू फिरला, जिवंत नोंदी कचऱ्यात गेल्या."

मास्तरांनी आ वासला. "म्हणजे झाडू आंधळा नव्हता, घराचा नकाशाच खोटा होता!"

प्रमुखांचा आवाज उतरला. "हे बघ, घरी बोलू नकोस."

तिनं खडू उचलून भिंतीवर चौथा खण काढला.

"मी नाही बोलणार, भावोजी. आधी त्या म्हाताऱ्याच्या खाटेपाशी जाऊन तुम्ही बोला. मग घरी. रात्री ताटावर सगळे असतातच."