साक्षीदाराची सही

सांगते, पण मध्ये बोलू नका. माझ्या नोकरीचा तो शेवटचा दिवस. दुपारी चारला तिशीची एक मुलगी आमच्या संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आली आणि तिने मागणीची चिठ्ठी पुढे केली. जुनी प्रयोगवही हवी होती.

"बाबांची आहे. ते गेले तेव्हा मी पाळण्यात होते. लोक अजून म्हणतात, त्यांच्या घाईनेच स्फोट झाला. मला एकदा स्वतः बघायचंय."

तिच्या बाबाला आम्ही धांदल्या म्हणायचो. मी तेव्हा रसायनशास्त्रज्ञ, दोघांचं टेबल एकच. स्फोटाच्या सकाळी त्याच्या वहीत तापमानाची मर्यादा मी ६०च्या जागी ८० लिहिली. प्रत्येक पान दुसऱ्याने तपासून सही करायची पद्धत होती. तो हसून म्हणाला, "तू लिहिलंयस ना? मग सही नंतर." तो स्फोटात गेल्यावर मी ब्लेडने आठ खरवडून सहा केला. चौकशीत खापर त्याच्या माथी फुटलं.

पुढे मला परीक्षानळी हातात धरवेना. ग्रंथालयात बदली मागून घेतली आणि ती वही तळघरात भलत्याच क्रमांकावर सरकवली. आमच्याकडे म्हणतात, चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक.

"बघते हं," म्हणून मी खाली गेले. बघायचं काय होतं, कपाळ! सापडत नाही, एवढंच येऊन सांगायचं होतं.

दिवे चालू होते. तरी मागच्या रांगेत कुणीतरी भराभर चालत होतं. आणि तो वास... जळक्या रबराचा, त्या सकाळचा. वहीच्या जागी नुसती फट.

"कोण आहे?"

पावलं थांबली... मग मला घासून जिन्याकडे गेली. दिसलं कुणीच नाही.

धापा टाकत वर आले, तर वही तिच्यासमोर उघडी.

"एक जण ठेवून गेला. माझ्याच वयाचा असेल. तोंडही धड पाहू दिलं नाही, इतका घाईत..." तिने पानावर बोट ठेवलं. "बाई, इथे ऐंशी लिहिलंय. हे अक्षर बाबांचं नाही. कुणाचं?"

कागदावर खरवडल्याची खूणसुद्धा नव्हती.

"माझं," मी म्हटलं. "चूक माझी होती, पोरी. तुझ्या बाबांनी फक्त माझ्यावर विश्वास ठेवला." मला रडू कोसळलं. तीस वर्षांपूर्वी एवढंच बोलायचं होतं.

पानाच्या तळाशी 'तपासले' लिहून त्याची सही होती. तिने त्या सहीवरून हळूच बोट फिरवलं. बोटाला निळी शाई लागली.