चारशे पक्षी

न्यू मेक्सिकोच्या त्या चाचणी-मैदानावर पक्षी फार. निदान वहीत तरी. लढाऊ विमानाच्या पोटाखाली टांगलेल्या लेसरयंत्राचा काचेचा डोळा मोकळ्या आभाळात कशावर तरी खिळला, की 'पक्षी' असं लिहायचं आणि पुढच्या कामाला लागायचं, ही तिथली जुनी रीत. गेल्या वर्षी चारशे पक्षी झाले. तपासणीची इंजिनिअर लोर्ना अपोडाकाने अकरा वर्षांत प्रत्यक्ष पाहिली ती दोन गिधाडं, आणि तीही बसलेली.

जानेवारीतली सकाळ, हाडं गोठवणारी. अकराला कॅप्टन रीस टॉलिव्हर उडणार होता. त्याच्यावर खरंखुरं क्षेपणास्त्र सुटणार, फक्त स्फोटकं काढलेलं. लेसरने ते वाटेतच भाजून आंधळं करायचं. नाही झालं, तर नुसतं लोखंडही विमान फाडायला पुरेसं. म्हणून आधी जमिनीवर तपासणी आणि लोर्नाची सही.

साडेनऊला डोळा पश्चिमेला वळला. आभाळ स्वच्छ. विमानापुढे मांडलेल्या पडद्यावर आकडे आले: अंतर नऊ मैल, वेग आवाजाच्या तिप्पट.

"पक्षी," म्हातारा तंत्रज्ञ एमेट पेन्सिल उचलत म्हणाला.

"तिप्पट वेगाने?"

"घाईत असेल बिचारा."

मैलभरावर, मिठासारख्या पांढऱ्या वाळूच्या वर, ते जे काही होतं ते नाहीसं झालं. दहा मिनिटांनी पुन्हा आलं, तिथेच संपलं. लोर्नाने संगणक बदलला. मग अख्खं यंत्र बदललं. नवा डोळाही तिकडेच वळला.

तिने उड्डाणाचा नकाशा काढला. अकरा वाजून सात मिनिटांनी रीसचं विमान नेमकं त्याच बिंदूवर असणार होतं.

"मॅडम, पक्ष्याला भिऊन घरी जाऊ? बायको वर्षभर हसेल," रीस म्हणाला.

"हसू दे. मी सही करत नाही."

उड्डाण रद्द झालं. एमेटने वहीत प्रथमच ती जागा कोरी सोडली.

अकरा वाजून सात मिनिटांनी डोळा त्या बिंदूवर गेला. या वेळी ते नाहीसं झालं नाही. पॅराशूटला लटकल्यासारखं झोके घेत, सावकाश, खाली उतरलं.

मग त्यांच्याकडे निघालं. वेग: ताशी तीन मैल.

"हे चालतंय," एमेट म्हणाला.

वाळूवर काहीच दिसत नव्हतं. पडद्यावर मात्र उष्णतेची पांढरी आकृती. माणसाची. जरा लंगडणारी.

वीस मिनिटं ती आकृती जवळ येत राहिली.

डोळा खाली झुकत झुकत थेट त्यांच्यावर आला. पडद्यावर आता तीन आकृत्या होत्या. एक लोर्ना. एक एमेट. तिसरी अजून दहा पावलांवर.

रीस लोर्नाच्या शेजारीच उभा होता. पडद्यावर तिथे धावपट्टीचा काळा गारठा होता, आणि त्यात छातीच्या उंचीवर, अधांतरी, त्याच्या कॉफीचा गरम कप.