उलटा धागा

मोबाइल खिशात घाला आधी. आणि मध्येच 'मग काय झालं' विचारायचं नाही, नाहीतर मी चाललो झोपायला. ही थाप नाही. आमच्या पाना मिस्त्रीच्या बाबतीत घडलेलं आहे. नळजोडणीचं काम, खिशात सदा पाना, म्हणून नावच पडलं पाना.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. सोळा जानेवारी, गुरुवार. रात्री साडेआठला टेकडीवरच्या बायकांच्या मठातून फोन आला. "विहिरीवरचा पाइप सुटलाय, दादा. पाणी आज रात्रीच हवंय." नेहमीचा मिस्त्री परगावी होता, म्हणून पानाला बोलावणं. एरवी तो त्या रस्त्याला फिरकायचा नाही. का, ते सांगतो. त्याची धाकटी बहीण त्या रात्रीच्या अकरा वर्षं आधी तिथे गेली होती. दीक्षा घेतली की जुनं नाव, माहेर, सगळं दाराबाहेर. त्या दाराशी हा माथेफिरू ओरडला होता, "आजपासून तू मला मेलीस!" ती मागे वळून वळून बघत आत गेली.

त्या एका वाक्याने अकरा वर्षं त्याची झोप खाल्ली. म्हणून त्या रात्री त्याने ठरवलं, काम उरकायचं, पहाटेपर्यंत थांबायचं आणि धाकटीची माफी मागायची. पहाटेपर्यंत कशाला? तर रात्री नऊच्या घंटेनंतर पाचपर्यंत तिथे मौन. जीव गेला तरी कुणी बोलत नाही.

साडेनऊला पोचला. दारावरच्या म्हातारीने बोटाने विहीर दाखवली आणि घाईघाईने आत निघून गेली.

पंपाच्या खोलीतला बल्ब उडालेला. हा बॅटरी चाचपडतोय, तोच मागून उजेड आला. डोक्यावरून कापड ओढलेली एक बाई. हातात कंदील.

"बरं झालं आलात, ताई."

ती गप्प. मौनच ते. आता समोरचं माणूस गप्प असलं की आपण जास्तच बोलतो. पानाने काम करता करता सगळं सांगून टाकलं. दाराशी काय बोललो ते. लहानपणी वडील पाइप जोडायचे तेव्हा धाकटीच कंदील धरायची, तेही. "डावखुरी हो. सांध्यावर धागा नेमका उलटा गुंडाळायची. उलटा गुंडाळला की आवळताना सुटतो, सांधा गळतो. वडील टपली मारायचे." मग हातातलं काम थांबवलं त्याने. "तिला सांगाल का, ताई? दादाचं चुकलं म्हणावं."

कंदील हलला. जरासाच.

दोन्ही हातांनी जड पाइप उचलून धरल्यावर धागा गुंडाळणार कोण? बाईने कंदील खाली ठेवला. धाग्याचं रीळ उचललं. गुंडाळायला लागली...

डाव्या हाताने.

उलटा.

पानाने मान वळवली. "धाकटे...?"

...

"नको, बोलू नकोस. मौन आहे ना तुझं. सकाळी बोलू."

रडत रडतच त्याने सांधा आवळला. पंपाचं बटण दाबलं. पाणी टाकीकडे धावलं. वळून बघतो तर कंदील तेवढा जमिनीवर.

मग दारापाशी बाकावर बसून राहिला. खुशीत, बरं का! पाचची घंटा झाली आणि मठाच्या मोठ्या बाई आल्या. "दादा, फार उपकार झाले. काल संध्याकाळी सातला आमची एक बहीण गेली. टाकीत थेंब नव्हता. तुमच्यामुळे तिला शेवटची अंघोळ घालता आली."

"आणि... कंदील धरायला आली होती ती?"

"कंदील? आम्ही सगळ्याजणी रात्रभर तिच्यापाशीच होतो."

आत नेलं त्याला. तोंडावरचं कापड बाजूला केलं. पुढचं त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. 

तो सांधा अजून आहे. मागच्या महिन्यात मी मुद्दाम जाऊन बघितला. धाग्याचं टोक बाहेर दिसतं, उलट्या बाजूला वळलेलं. पहिल्याच रात्री गळायला हवा होता. मी खालून बोट फिरवलं.

कोरडं.