बिनसेलचा डिटेक्टर

"हात वर करा... अजून थोडे..."

रचनाने मेटल डिटेक्टर त्या मुलीच्या खांद्यावरून फिरवला आणि तो पुन्हा केकाटला. मुलीच्या अंगावर ना अंगठी, ना कानातलं, साधी टाचणीसुद्धा नव्हती. तिच्या आधीच्या दोघींच्या वेळीही हेच झालं होतं.

डिसेंबरातली गारठ्याची सकाळ होती. गोंदिया शहराबाहेरच्या एका कॉलेजात नर्सिंगची प्रवेश परीक्षा होती आणि मुलींच्या गेटवर तपासणीला रचना मेश्राम एकटीच. साडेनऊला गेट बंद होणार होतं. नऊ वाजून गेले होते आणि रांगेत अजून चाळीस मुली होत्या. हातातला डिटेक्टर तिच्या सिक्युरिटी एजन्सीने आणलेला, स्वस्तातला.

"रचना, लाइन क्यों रुकी है?" सुपरवायझर केवळराम आतून ओरडला. "पिछले महीने भी तुझीच तक्रार होती. अजून एक झाली तर घरी बस!"

रांगेतल्या एका मुलीला रडू फुटलं. तेवढ्यात दोरीपलीकडून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "मॅडम, मुलींजवळ काही नाही. यंत्रच बिमार आहे."

मफलर गुंडाळलेला, विस्कटल्या केसांचा एक तरुण उभा होता.

"ओ दादा, मागं व्हा."

"होतो. पण दादा नका म्हणू... आणि ते एकदा नुसतं हवेत धरून पाहा."

रचनाने धरलं. हवेतही ते वाजतच राहिलं. रांगेतून हसू उमटलं.

"मी लोकेश. आमगावला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पाच मिनिटं द्या."

"रांगेत तुमचं कोण आहे?"

"बहीण. रुची. ती लाल स्वेटरवाली."

"मग तिची तपासणी सगळ्यात शेवटी. आणि यंत्र माझ्या डोळ्यांसमोर उघडायचं."

"तुमच्या डोळ्यांसमोर..." तो हसला, "त्याला माझी काय ना आहे?"

रचनाने कपाळाला आठी घातली खरी, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्याच.

आधी त्याने समोरच्या दुकानातून नवा चौकोनी सेल आणून घातला. फरक नाही. मग मोटरसायकलच्या डिकीतून पेचकस काढला आणि गार्डच्या खुर्चीवर डिटेक्टर उघडला. आतली केसासारखी बारीक तांब्याची तार त्याने नखाने हलवली. आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

"सापडलं! कॉइलची तार सुटली आहे. कधी टेकते, कधी सुटते... म्हणून हे बावचळून राहिलं. इथं सोल्डरिंगचा डाग देता येत नाही, पण पीळ देऊन चिकटपट्टी लावतो. जरा धरता?"

तिने तार धरली. पट्टी गुंडाळताना त्याचा अंगठा तिच्या बोटाला लागला आणि दोघंही उगाचच "सॉरी" म्हणाले.

रचनाने मात्र लगेच विश्वास टाकला नाही. तिने डिटेक्टर हवेत धरला — गप्प. किल्ल्यांच्या जुडग्यावर धरला — वाजला. स्वतःच्या प्लॅस्टिकच्या बिल्ल्यावर — गप्प.

"चला, या एकेक!"

रांग भराभर सरकली. शेवटी रुची आली आणि डिटेक्टर तिच्या वेणीपाशी पीं करून वाजला. केसांत एक पिन राहून गेली होती.

"दादा, तुझ्यामुळंच सापडली मी!" भावाच्या हातावर पिन टेकवून ती आत पळाली. मागे गेट बंद झालं. रचनाने सकाळपासून पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला.

"पट्टी आठ दिवस टिकेल," लोकेश म्हणाला. "पक्का डाग द्यायला दुकानात आणा. राहता कुठं?"

"दरेकसा. रोज गाडीनं जाते."

"म्हणजे आमगाव रस्त्यातच..."

"माहीत आहे मला आमगाव कुठं आहे," ती म्हणाली. आणि तिसऱ्याच दिवशी आमगावला उतरली.

त्याने तारेला पक्का डाग दिला. वितळलेल्या राळेचा वास त्या चिमुकल्या दुकानात भरून राहिला आणि डाग थंड होईस्तोवर चहा झाला. पुढच्या आठवड्यात बटण अडकत होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात दिवा लागत नव्हता. हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' झालं. तिने जंगलात बांबू तोडणाऱ्या बाबांबद्दल सांगितलं. त्याने एकट्या आईने दोघा भावंडांना कसं वाढवलं ते. रुचीला प्रवेश मिळाला तेव्हा पेढा आधी रचनाला मिळाला.

जानेवारीत एका शनिवारी ती आली. डिटेक्टर टेबलावर ठेवला.

"चालूच नाही होऊन राहिला."

लोकेशने मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ आत पाहत राहिला.

"रचना... सेल कुठं आहे?"

"पडला असेल."

"झाकण बंद असताना?"

तिने पर्स उघडली आणि सेल त्याच्यासमोर ठेवला. मान खालीच. "मीच काढला. इथं यायला काहीतरी बिघडलेलं लागतं ना..."

"कायले लागते? असंच यायचं!"

"आता कुठून येणार? सोमवारपासून नागपूरला ड्यूटी आहे. सहा महिने. काम चांगलं झालं तर पक्की नोकरी."

बाहेर एक ऑटो खडखडत गेला. लोकेशने सेल बसवला, काढला, पुन्हा बसवला.

"जाऊ नको म्हणू?"

"म्हणून तर पाहा."

"नाही म्हणत. तुझी नोकरी आहे, तू जा." तो अडखळला. "पण जायच्या आधी... मले तू आवडतेस, रचना. लई आवडतेस. हे बोलायला मलाही दर वेळी काहीतरी आडवं येत होतं."

तिचे डोळे भरून आले आणि हसूही आलं, दोन्ही एकदमच.

"दीड महिना नुसत्या तारा पाहून राहिला! काऊन रे? मला सोडून?"

"तुलाच पाहत होतो. तारेच्या आडून." त्याने घसा साफ केला. "रविवारी आईला घेऊन दरेकशाला येऊ? तुझ्या बाबांशी बोलायला?"

"रविवार उद्याच आहे."

"म्हणूनच म्हणून राहिलो."

स्टेशनाकडून गाडीची शिटी ऐकू आली. लोकेश चटकन उठला. "तुझी गाडी!"

"जाऊ दे. पाऊण तासानं दुसरी आहे." रचनाने स्टूल ओढलं, त्याच्या शेजारी बसली आणि मोबाइल काढला. "तुझ्या आईला जेवायला काय आवडतं ते सांग. घरी आत्ताच कळवते."