अकरा आठवड्यांचा फोर्क

"उतारावर एक सायकलवाला पडलाय," फोनवरचा हवालदार म्हणाला. "जिवंत आहे. म्हणजे, मानेच्या वर जिवंत आहे."

तपासनीस बाई पोहोचल्या तोवर रुग्णवाहिका निघून गेली होती. रस्त्यात सायकल उरली होती, आणि वीस पावलांवर तिचं पुढचं चाक. चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा निळा फोर्क मुळापासून तुटला होता. लोखंडाचा असता तर आधी वाकला असता. हा कार्बनचा होता. कार्बन वाकत नाही, कुरकुरत नाही, एकदम जातो.

"नवा कोरा होता हो," बघ्यांमधला एक जण म्हणाला. "खास त्याच्या मापाचा बनवून घेतलेला. अकरा आठवडे वाट बघितली बिचाऱ्यानं. आज पहिल्यांदाच बाहेर काढला."

बाईंनी सगळे तुकडे गोळा करायला लावले. त्यांना सायकल चालवता येत नव्हती आणि त्याची लाजही नव्हती. त्या साधेसाधे प्रश्न विचारत, समोरच्याला वाटे, हिला काय कळतंय. या समजुतीवर बाईंनी बरीच माणसं आत घातली होती.

पडलेल्याचा थोरला भाऊ सायकली दुरुस्त करायचा. तोही शर्यतीत उतरायचा आणि बहुतेक वेळा दुसरा यायचा, कारण पहिला येणारा घरातच होता. बाई त्याच्या दुकानात गेल्या तेव्हा त्याचे डोळे रडून सुजले होते. खोटं नव्हतं ते रडणं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून मला कोणी बोल लावायला नको.

"फोर्क कोणी बसवला?" बाईंनी विचारलं.

"मीच. त्याच्या सायकलीला दुसऱ्याचा हात लागत नाही."

"रंग कोणी दिला?"

"रंगवूनच आला. जुन्यासारखाच निळा."

"बसवतात कसा?"

थोरला जरा सावरला. कारागिराला त्याच्या कामाबद्दल विचारलं की तो चितेवरूनही उठून उत्तर देईल. "फोर्कच्या डोक्यावर नळी असते. ती सायकलीच्या सांगाड्यातून वर येते, तिच्यावर हँडल बसतं. नव्या फोर्कची नळी मुद्दाम लांब ठेवलेली असते. सायकलीला लावून माप घ्यायचं आणि मग कापायची. चुकून जास्त कापली, तर संपलं. फोर्क कचऱ्यात."

"मग तुम्ही कापलीत?"

"कापली की. साडेचार सेंटिमीटर. हा काय तुकडा." त्याने बाकावरच्या डब्यातून एक काळी नळकांडी काढली. "काप बघा. असा साफ काप या भागात दुसरा कोणी देऊन दाखवावा."

काप खरंच साफ होता. बाईंनी कडेवरून बोट फिरवलं. "ठेवू माझ्याकडे?"

"ठेवा. मला काय करायचाय." त्याचा आवाज चिरकला. "फोर्क देणाऱ्या त्या म्हाताऱ्याला सोडू नका, बाई. भावाचं वाटोळं केलं त्यानं."

निघताना बाईंनी सवयीने दुकानावर नजर फिरवली. भिंतीवर थोरल्याची स्वतःची सायकल टांगली होती. लाल, काळ्या फोर्कची, धूळ पुसून लख्ख केलेली.

फोर्क बनवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मास्तर म्हणत. बाई गेल्या त्याच्या आदल्याच दिवशी कोणीतरी त्याच्या खिडकीवर दगड मारला होता. मास्तर काचा गोळा करत होता. सत्तरी उलटलेली, बायको गेलेली, एक खोली आणि एक भट्टी, एवढाच संसार. कार्बनचं कापड थरावर थर चिकटवायचं, साच्यात दाबायचं, भट्टीत शिजवायचं. एका वेळी एकच काम.

"मी दोन फोर्क दिले," मास्तर म्हणाला. "नवा आणि जुना. जुना माझ्याकडे मापासाठी होता. पोराला आकार तसाच्या तसा हवा होता, फक्त मजबूत. थोरला न्यायला आला, त्याच्या हातात दोन्ही दिले आणि बजावलं, जुन्याला तडा गेलाय, फोडून टाक."

"तो म्हणतो, एकच दिलात."

"म्हणू दे."

"नव्याचा रंग?"

"मी रंग देत नाही. माझं काम काळंच जातं."

"तडा डोळ्याला दिसत होता?"

"नाही. ऐकावा लागतो." मास्तरने खिशातून नाणं काढलं आणि बाकावरच्या एका नळीवर वाजवलं. टण्‌ टण्‌. मग दुसऱ्या, टाकाऊ नळीवर. थप थप. "थोरल्यालाही मी असंच वाजवून दाखवलं होतं. समजलं त्याला. हुशार आहे तो."

"तुमचा फोर्क ओळखायचा कसा? नाव, शिक्का काही?"

"नाव कशाला घालू? पण हा ओळखता येईल. पोराचा उजवा पाय लहानपणापासून तोकडा. सगळं अंग डावीकडे टाकतो. म्हणून डाव्या बाजूला दोन थर जास्त दिले. उजवीकडे नाणं वाजवलं तर आवाज बारीक येईल, डावीकडे जाडसर. असा फोर्क मी जन्मात एकदाच केला."

"एका फोर्कला किती दिवस लागतात?"

"पाच-सहा आठवडे."

"मग अकरा का लागले? पोरगा दर सोमवारी फोन करायचा म्हणे."

मास्तरने मान खाली घातली. "ते त्याचं आणि माझं. बोलू नका म्हणालाय."

"मास्तर, तुम्ही तुरुंगात जाल."

"जाईन. कबूल केलंय मी त्याला."

भट्टीमागे खुंटीला, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट टांगलेलं होतं. बाईंनी फडक्याचं टोक उचलून आत पाहिलं, पुन्हा झाकलं आणि बाहेर पडल्या.

चौथ्या दिवशी प्रयोगशाळेतून फोन आला.

"तुटलेला फोर्क नवा नाही," तिथला माणूस म्हणाला. "निळ्या रंगाखाली दुसरा निळा रंग आहे, जुना. आतल्या तड्यात कित्येक महिन्यांची धूळ बसलीय."

झालं. थोरल्याने कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे म्हाताऱ्यानं जुनाच रंगवून आमच्या गळ्यात मारला. नवा बनवलाच नाही कधी. आणि आम्ही वेड्यासारखी अकरा आठवडे वाट बघत बसलो."

सगळ्यांना ते पटलं. मास्तरला धरून नेलं तेव्हा रस्त्यातल्या बायका त्याच्यावर थुंकल्या. भट्टीला सील लागलं. पंधरा दिवसांनी धाकट्याला घरी आणलं, आणि शर्यतीच्या संघात त्याची मोकळी झालेली जागा थोरल्याला मिळाली. जागा मिळूनही तो दिवसभर भावाच्या उशाशी असायचा. भरवायचा, पुसायचा, दर दोन तासांनी कूस बदलून द्यायचा, नाहीतर पाठीला जखमा होतात. लोक म्हणत, भाऊ असावा तर असा.

बाई मात्र टेबलावर तो काळा तुकडा फिरवत बसायच्या. एकदा फिरवता फिरवता थांबल्या. मग त्यांनी हवालदाराला हाक मारली.

दोघं घरी गेले तेव्हा थोरला चमच्याने खिमट भरवत होता. आई कोपऱ्यात चादरींच्या घड्या घालत होती. धाकट्याच्या अंगात हलत होते ते फक्त डोळे आणि ओठ.

बाई खुर्ची ओढून बसल्या. "एकच विचारायचंय. नवा फोर्क चालवताना कसा वाटला?"

धाकट्याने आठवून पाहिलं. "काहीच फरक वाटला नाही. एवढी वाट बघितली, आणि अगदी जुन्यासारखाच. अंगणात एक चक्कर मारून मी दादाला म्हटलंसुद्धा."

"दादा काय म्हणाला?"

"म्हणाला, उतारावर कळेल."

थोरल्याचा चमचा हवेतच राहिला.

बाईंनी पिशवीतून तुकडा काढला आणि पांघरुणावर ठेवला. "मला सायकलीतलं काही कळत नाही. तुम्हीच शिकवलंत म्हणून विचारते. नवा फोर्क असेल तर नळी कापावी लागते. बरोबर?"

"बरोबर," थोरला म्हणाला.

"आणि जुना फोर्क, याच सायकलीवरून काढलेला, परत याच सायकलीवर चढवला तर?"

बाईंनी पांघरुणावरचा तुकडा बोटाने फिरवला.

"त्याची नळी आधीच मापात कापलेली. आणखी साडेचार सेंटिमीटर काढले असते तर हँडल बसलंच नसतं. आणि तुटला तो फोर्क जुना, हे तर तुम्हीही मान्य केलंत. मग तुम्ही कापलंत काय?"

"दुसऱ्या कोणाच्या फोर्कचा असेल तुकडा. दुकान आहे, बाई. दहा लोकांची कामं येतात."

"असेल. तुमची सायकल कुठाय?"

ती ओसरीतच होती. हवालदाराने आत आणून भिंतीला टेकवली. बाईंनी त्याच्याकडून एक नाणं मागून घेतलं, वाकल्या, आणि काळ्या फोर्कची उजवी बाजू वाजवली. बारीक टण्‌ आला. मग डावी वाजवली. आवाज जाड होता, दबका. त्यांनी पुन्हा वाजवलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आईनेसुद्धा घडी घालायचं थांबवलं.

"डावीकडे दोन थर जास्त," बाई म्हणाल्या. "तोकड्या पायाच्या माणसासाठी. तुमचे दोन्ही पाय सारखे आहेत. मास्तरनं दोन्ही फोर्क तुमच्या हातात दिले. नवा तुम्ही स्वतःच्या सायकलीला कापून बसवलात. तड्याचा होता तो रंगवून भावाला दिलात. तड्याचा आवाज मास्तरनं ऐकवला होता, तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणू नका. तो तुटल्यावर नाव म्हाताऱ्याचं जाणार, हेही माहीत होतं. तुम्ही फसलात कापाच्या बढाईत. तुकडा आणि ही नळी प्रयोगशाळेत जुळवतील. काप साफ आहे, त्यांना त्रास पडायचा नाही."

थोरल्याने चमचा वाटीत ठेवला.

"मला वाटलं, हात मोडेल," तो म्हणाला. "फार तर खांदा. एका मोसमापुरता घरी बसेल. मला एकदा, एकदाच पुढं जायचं होतं. देवाशप्पथ, याहून जास्त मनात नव्हतं."

आईच्या हातातली चादर खाली पडली. तिने ती उचलली नाही.

"मास्तरांना सोडा," धाकटा बाईंना म्हणाला. "त्यांच्या भट्टीमागं एक फोर्क टांगलेला असेल."

"पाहिलाय मी. त्याला चिठ्ठी बांधलीय."

"काय लिहिलंय?" थोरल्याने विचारलं.

बाईंनी धाकट्याकडे पाहिलं. सांगायचं तर त्यानेच, त्यांचं काम नव्हतं ते.

"तुझं माप लिहिलंय," धाकटा म्हणाला. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "मी दोन सांगितले होते. निवडीच्या दिवशी सकाळी तुला देणार होतो. दोन होते, त्यात तुझा आधी करायला सांगितला, म्हणून अकरा आठवडे लागले, दादा. नाहीतर माझा सहाव्यातच आला असता."

हवालदाराने बेड्या काढल्या.

"थांबा," आई म्हणाली. तिची नजर घड्याळावर होती. "साडेअकरा झाले. त्याला वळवायचंय. मला एकटीला जमत नाही."

बाईंनी मान हलवली. थोरला उठला. एक हात भावाच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली. ते त्याला आता छान जमायला लागलं होतं.

"खिडकीकडे?" त्याने रोजच्यासारखं विचारलं.

"भिंतीकडे."

त्याने भावाला भिंतीकडे वळवलं, पाठीला उशी लावली, पांघरूण सारखं केलं. मग स्वतःचे हात पुढे केले. बेड्यांचा खटका वाजला, दोघे दारातून बाहेर पडले, आणि मागे आईचा आवाज ऐकू आला. ती बाईंना विचारत होती.

"आता दीड वाजता याला कोण वळवणार?"