येडबाचा अंगठा

जेवणं झाली की म्हाताऱ्याला बोलाया लावायचं, ही लय वाईट खोड हाय तुमची. एकदाच सांगतो. मधी कुणी खोकलं तर उठून जाईन.

किशनरावाचा जीवन, मोबाईलचं ॲप करणारा, त्याच्यावर गुदरलेली गोष्ट हाय. त्यानंच मला सांगितली. त्याचं ॲप मेंढपाळांसाठी. फोन मेंढवाड्यात टांगायचा. मेंढरं बिचकली की कॅमेरा आपोआप उघडतो, फोटू मालकाला आन् जीवनला जातो. वाचता न येणाऱ्यासाठी परवानगीला दोन चित्रं ठेवली: उघडा डोळा, मिटलेला डोळा. सारखं इचारलं की म्हातारे चिडतात, म्हणून इचारायचं एकदाच. हो म्हणलं की कायमचं हो. मी म्हणलं व्हतं, दर बारीला इचार बाबा. ऐकतंय कोण.

चारठाण्याच्या माळावरल्या येडबानं उघड्या डोळ्यावर अंगठा ठेवला. त्या अंगठ्यावर कातरीचा आडवा वण व्हता. दिवाळीनंतर येडबा गेला. त्यांच्यात पुरायची रीत. बायकोनं, कोंडाबाईनं, त्याच्या मुठीत भंडारा दिला आन् बंडीच्या खिशातला फोन तसाच ऱ्हाऊ दिला.

यंदाच्या येळवशीच्या अमावस्येला, दिवस मावळल्यावर, जीवन कोंडाबाईला नवा फोन टांगून द्यायला गेला. साधं काम. टांगला. निघाला, तर त्याच्या खिशातला फोन थरथरला.

येडबाच्या फोनवरून फोटू.

काळा.

"बॅटरी तर कवाच मेली आसंल," जीवन म्हणला.

आणखी एक आला. माती. मुळ्या.

जीवननं येडबाची परवानगी रद्द केली. तरी आला. आभाळ, चांदण्या... खड्ड्यातून वर बघितल्यासारखं.

मेंढरं उभी ऱ्हायली. एक बी ओरडंना. कुत्रं जीवनच्या पायात शिरलं.

पुन्हा फोटू. मेंढवाडा. दिवा. जीवनची पाठ.

तो वळला न्हाई. वळायची...

"बंद कर की ते," कोंडाबाई म्हणली.

"व्हइना मावशी. येडबा आबांनी हो म्हणलेलं हाय."

"जित्तेपणी म्हणले. आता इचारलंस का त्यांना?"

जीवननं तिथंच बसून पिशवीतला लॅपटॉप काढला. ॲप बदललं. दर बारीला इचारायचं, उत्तर न्हाई आलं तर कॅमेरा बंद. इचारणं सगळ्या फोनवर गेलं. टांगलेल्या नव्या फोनवर बी दोन डोळे उमटले.

कुणी हात लावला न्हाई.

वाट बघितली...

...

टांगलेला फोन विझला. मेंढरं खाली बसली.

उजाडल्यावर जीवननं नवा फोन काढून पेटवला. दोन डोळे तसेच. काचेवर पिवळा अंगठा. आडवा वण. कोंडाबाईनं पदरानं पुसला, जाईना. काचेच्या आतून व्हता.

उघड्या डोळ्यावर.

ती फोन घिऊन नुसती बसली.

आन् पारावर चारचौघांत "म्हातारं फेकायलंय, हळद लागली आसंल" म्हणणारा गावातला भुजंग, कोंडाबाईच्या घरी जाऊन काच नखानं खरवडून आला, तवापास्नं मला बघून वाट बदलायलाय. ठसा हाय तिथंच हाय. माफी मात्र मागितली न्हाई त्यानं.